खुंटीवरचा पट्टा

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं आपण धरूनच चालतो. ही दुपारची आहे. लख्ख उन्हातली.

आणि खरी आहे. मी रचली असती तर तिला जरा बरा शेवट दिला असता.

घडली लातूरला, मागच्या येळवशीला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, रिक्षा शोधून सापडत नाही. ज्याचं शेत नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतंच. त्या दुपारी लातुरात जो घरी बसलेला दिसेल, त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय असं खुशाल समजावं.

उज्वला घरी बसली होती.

उज्वला माझी मावसबहीण. मी नांदेडला शाळेत शिकवते, ती लातूरला एका लहानशा कंपनीत आहे. ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तेवढीच कंपनी. मालक आलोक. पुण्यात शिकून गावाकडं परत आलेला, बोलायला गोड आणि कामाच्या बाबतीत हावरा.

त्यांनी एक मनगटी पट्टा आणि त्याचं मोबाइल ॲप बनवायला घेतलं होतं. नाव ठेवलं 'सय'. पट्टा कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोके मोजतो. माणूस कासावीस झालं, ठोके वाढले, की पट्ट्यातल्या बारक्या स्पीकरमधून त्याच्या जुन्या दिवसांतला एखादा आवाज लागतो. जात्याची घरघर, शाळेची घंटा, गेलेल्या माणसाचं बोलणं. ऐकून जीव निवतो. म्हातारपणी एकटं पडलेल्यांना आधार, असं आलोक सगळ्यांना सांगायचा. पट्टा दिसावा कसा, ॲपमध्ये काय कुठं असावं, कुठला आवाज कसा लागावा, हे सगळं उज्वलाच्या गळ्यात.

एकदा त्यानं गंमत म्हणून पट्टा पिकलेल्या केळ्याला गुंडाळला. ॲपनं केळ्याचे ठोके दाखवले. सगळे पोट धरून हसले. असे पट्टे फसतात, कशालाही नाडी समजतात, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

हे मुद्दाम सांगून ठेवते. पुढं उज्वलानं त्या केळ्याचाच आधार धरला होता.

दिवसभर लोकांच्या आठवणी नीटनेटक्या करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन आईला चार घास भरवायचे, असं तिचं आयुष्य चाललं होतं. तिची आई म्हणजे माझी विठामावशी. उज्वलाचे वडील व्यंकटकाका गेले तेव्हापासून मावशी तिच्याजवळ लातूरला होती. उज्वलाचा भाऊ बजरंग जळकोटजवळ शेत बघतो, त्याच्या घरात मावशीनं अन्न टाकलं होतं. म्हणून उज्वलानं तिला आणलं.

इथंही तेच. खिडकीशी बसायची. ताट समोर ठेवलं की भाताची शितं बोटानं मोजल्यासारखी करायची आणि ताट सारायची. दवाखाने झाले. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, मनानं घेतलंय, हिला बोलतं ठेवा. आता नोकरीवरून मेलेल्या जिवानं परत आलेली लेक कुणाला काय बोलतं ठेवणार! फोनवर तिचा आवाज ऐकला की मलाच आडवं पडावंसं वाटायचं.

मग तिला ती ध्वनिफीत आठवली.

काका असतानाच्या शेवटच्या येळवशीला तिनं शेतात मोबाइलवर एक आवाज धरला होता. येळवशीला काय करतात, ते ठाऊक नसेल त्यांना थोडक्यात सांगते. शेतात कडब्याची खोप उभारतात, आत पाच पांडवांची पूजा होते. मग घरातला कर्ता माणूस आंबट ताक-ज्वारीची अंबिल गाडग्यात घेतो आणि शिंपडत शिंपडत सगळ्या शेताला फेरी घालतो. चालताना पुकारा देतो. मागून चालणारे त्याला साथ देतात. आमच्याकडं तरी मागून साथ आल्याशिवाय पुढचा पुकारा द्यायचा नसतो. फेरी खोपीशी येऊन मिटली की सगळ्यांनी जेवायला बसायचं.

तो पुकारा मी इथं लिहीत नाही. बोटं धजत नाहीत.

त्या वर्षी उज्वलाला ॲपसाठी तो आवाज हवा होता. स्वच्छ हवा होता. कंपनीत असंच काम चालतं, एक आवाज एकटा घ्यायचा, बाकीचा गलका नको. म्हणून तिनं सगळ्यांना खोपीत बसवलं. मागं जाऊ नका, साथ देऊ नका, अजिबात बोलू नका. काका गाडगं घेऊन उभे. म्हणाले, साथ नसली तर पुकारा द्यायचा कुणाला? पण लेकीचं काम होतं. हसले आणि एकटेच निघाले.

मोबाइल खोपीत होता. आवाज लांब लांब जात राहिला. टोकाच्या बांधाशी पोचल्यावर ऐकूच येईना, तेव्हा तिनं बटण बंद केलं. काका बाकीची अर्धी फेरी मुकाट्यानं चालून आले, सगळे जेवले, प्रकरण मिटलं.

उन्हाळ्यात काका गेले. त्याच टोकाच्या बांधाशी पडलेले सापडले. हाक मारली असली तर ऐकायला जवळ कुणी नव्हतं.

पावसाळा संपता संपता उज्वलानं तो आवाज पट्ट्यात भरला आणि पट्टा मावशीच्या मनगटावर बांधला. चाचणीची चाचणी होईल आणि जमलंच तर आई चार घास खाईल, एवढाच हिशेब.

संध्याकाळी मावशी खिडकीशी कासावीस झाली. पट्टा हिरवा लुकलुकला.

काकांचा पुकारा आला.

मावशीनं मान वर केली. आणि सवयीनं, जशी इतकी वर्षं काकांच्या मागून चालताना देत आली होती तशी, तिनं साथ दिली.

त्या रात्री ती पोटभर जेवली. उज्वला मोरीत जाऊन रडली. आनंदानं रडली, आणि दमली होती म्हणूनही रडली.

त्यानंतरचा महिना सोन्याचा गेला. पुकारा यायचा, मावशी साथ द्यायची, ताट रिकामं व्हायचं. मावशी शेजारच्या साक्षीच्या घरी जाऊन भाज्या निवडू लागली. आलोक तर हवेत होता. मावशीचं उदाहरण घेऊन तो दोन वृद्धाश्रमांत बोलून आला. उज्वलाला कितीतरी दिवसांनी झोप लागू लागली.

आणि मग एका संध्याकाळी कांदा चिरता चिरता तिचा हात थांबला...

पुकारा नेहमीसारखा सुरू झाला होता. पहिला जवळून. मग लांब. मग आणखी लांब. तिनं तो आवाज इतक्यांदा ऐकला होता की कुठं कमी होत होत संपतो ते तिला पाठ होतं.

तिथं तो संपला नाही.

आणखी एक पुकारा आला.

बारीक, लांबचा. पण आला. मावशीनं त्यालाही साथ दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं मूळ ध्वनिफीत लावली. टोकाच्या बांधाशी बंद. पुढं काहीही नाही. आलोकला विचारलं, कुणी यात काही जोडलंय का? तो म्हणाला, तू जरा सुट्टी घे.

त्या आठवड्यात पुकारे वाढत गेले.

आणि ते आता लांब जात नव्हते...

जवळ येत होते.

तिनं आईला कसंबसं विचारलं, की तुला काही फरक वाटतो का. मावशी भाकरीचा तुकडा मोडत होती. साधेपणानं म्हणाली, "निम्म्याच्या पुढं आलेत की गं. बांधावरून वळलेत. येलालेत माघारी."

उज्वलानं हसून विचारलं, आले की मग काय?

"मग काय, फेरी मिटली. मी साथ दिली की झालं. मग उठायचं."

कुठं उठायचं, ते मावशी बोलली नाही. पण दोन दिवसांनी तिनं आपली लुगडी बाहेर काढली. हे उज्वलाला, हे सुनेला, हे नांदेडच्या पोरीला, म्हणजे मला. गळ्यातले मणी काढून उज्वलाच्या हातात दिले, म्हणाली, ठेव तुझ्याकडं. चेहरा इतका शांत, की उज्वलाला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

त्या संध्याकाळी तिनं पट्टा आईच्या हातातून काढला आणि चार्ज न करता दाराजवळच्या खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवसापासून मावशी पुन्हा ताट सारू लागली.

उज्वलानं मला फोन केला. पट्टा बांधला तर ती जाते, काढला तर उपाशी मरते, आता मी करू काय, म्हणाली. मी शहाण्यासारखी म्हणाले, अगं, मनाचे खेळ असतात. डॉक्टर बदलून बघ. आज मला त्या सल्ल्याची लाज वाटते, पण दुसरा सल्ला अजूनही सापडलेला नाही.

पट्टा खुंटीला होता. कुणाच्याच हातात नव्हता.

आणि तिच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये ठोके दिसत होते...

सावकाश. एकसारखे. चालणाऱ्या माणसाचे असतात तसे.

फसलाय, तिनं स्वतःला सांगितलं. भिंतीला नाडी समजलाय, तेव्हा केळ्याला समजला होता तसाच. बॅटरी संपली की थांबेल.

बॅटरी संपली. पट्ट्याचा हिरवा प्रकाश विझला. तिनं ॲप उघडलं.

ठोके चालूच होते.

तिनं ॲप मोबाइलमधून काढून टाकलं आणि तशीच कामावर गेली. विचार करायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो तिच्यात उरला नव्हता.

अशात येळवस आली.

काकांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता. बजरंगनं शेतात खोप उभारली नाही. सकाळी इमारतीतल्या सगळ्यांची टोपल्या-डब्यांची लगबग झाली. साक्षी म्हणाली, काकूंना घेऊन आमच्या शेतात चला, नुसतं बसा. मावशीनं मान हलवली. मग एकेक दार बंद झालं, गाड्या निघाल्या, आणि इमारतीत या दोघीच उरल्या.

दुपार झाली. रस्त्यावर माणूस नाही. कुत्रंही सावलीला गेलेलं. कुठं टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही. उज्वलानं साधी खिचडी टाकली होती.

मावशी आज खिडकीशी नव्हती. पाटावर बसली होती, दाराकडं तोंड करून. न सांगता तिनं तीन ताटं मांडली होती.

उज्वलानं तिसरं ताट उचललं. मावशीनं हातानंच सांगितलं, ठेव.

तेव्हा खिडकीतून आला...

पुकारा.

लांबून. मोकळ्या रस्त्याच्या त्या टोकाकडून.

कुणाचं तरी शेत जवळ असेल, उज्वला मोठ्यानं म्हणाली. घराच्या आसपास शेत नव्हतं. तिनं खुंटीकडं पाहिलं.

मेलेला पट्टा हिरवा लुकलुकत होता.

मावशीनं तोंड उघडलं. उज्वलानं झटकन पुढं होऊन तिच्या ओठांवर हात ठेवला. साथ गेली नाही.

थोडा वेळ काहीच नाही. तिला वाटलं, टळलं. साथ नाही तर पुढचा पुकारा नाही, रीतच आहे ती.

दुसरा पुकारा खिडकीखालून आला.

बिनासाथीचा. त्यांनी एकदा तसं चालून दाखवलंच होतं. तिनंच चालायला लावलं होतं.

मग जिन्यात पावलं. जुन्या वहाणांची. काका जिने चढताना अध्येमध्ये थांबायचे, गुडघे दुखायचे. पावलं तशीच थांबत होती.

मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं लेकीचा हात ओठांवरून हळूच बाजूला केला. जोर केला नाही. उज्वलाला वाटलं, आता देईल साथ. पण मावशी तिच्याशी बोलली.

"त्या दिशी बी तूच गप बसवलंस आम्हाला."

एवढंच. रागानं नाही. कसलाही त्रागा न करता, जुनी गोष्ट सांगावी तशी.

पुकारा दाराबाहेर आला.

इतका जवळ, की पुकाऱ्याच्या शेवटी काका श्वास घ्यायचे तोही ऐकू आला.

मग शांतता. कुणीतरी वाट बघत उभं असल्याची.

उज्वला आईच्या पायाशी बसली. दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. तिला पुष्कळ काही बोलायचं होतं. बाबांची माफी मागायची होती, दार उघडून त्यांना एकदा बघायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते एकच वाक्य, लहान पोरीसारखं.

"माय, मी एकटी पडंन."

मावशीनं लेकीकडं बघितलं. दाराकडं बघितलं. आणि ओठ मिटून घेतले.

दाराबाहेर पुन्हा पुकारा आला. या वेळी हळू. दमलेला.

मावशीनं साथ दिली नाही.

बऱ्याच वेळानं पावलं जिना उतरून गेली. रस्त्यावरून आणखी एक पुकारा आला. मग त्याहून लांबून एक. मग फक्त दुपार.

संध्याकाळी लोक शेतातून परतले. साक्षीनं दार वाजवलं. हातात त्यांच्या भज्जीचा, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीचा, डबा होता. देता देता तिनं विचारलं, जिन्यात ताक कुणी सांडलंय हो? पार तळापासून तुमच्या दारापर्यंत थेंब आहेत, आंबूस वास सुटलाय.

उज्वलाच्या घरात त्या दिवशी ताक नव्हतं. अंबिल तर नव्हतीच.

एवढं घडलं. आता उरलेलं सांगते.

मावशी जगली. त्याच रात्रीपासून जेवते, न भरवता जेवते. साक्षीकडं भाज्याही निवडते. पण त्या दिवसापासून तिनं उज्वलाला नावानं हाक मारलेली नाही. बोलते, काय हवं-नको ते सांगते. हाक तेवढी मारत नाही. उज्वला म्हणते, तेही चालेल मला. म्हणताना तिचा चेहरा बघवत नाही.

पट्टा बाजारात आलाय. काकांचा आवाज त्यात नाही, ते तिनं स्वतः बघितलं. नोकरी तीच आहे, दमणं तेच आहे. तो पहिला पट्टा तिला फेकवेना आणि घरात ठेववेना, म्हणून दिवाळीत तो मला देऊन गेली. माझ्या नांदेडच्या घरी कपाटात आहे, रुमालात गुंडाळलेला. त्याचा चार्जर मी घेतलाच नाही.

कपाट मी अंधार पडल्यावर उघडत नाही. अंधारात हिरवं काही दिसेल, अशी भीती वाटते. दिसणार नाही, याची खात्री करायचीही भीती वाटते.

आता येळवस पुन्हा आलीय. काकांना जाऊन वर्ष उलटलंय, त्यामुळं यंदा सण करायचा. बजरंगनं खोपीसाठी कडबा काढून ठेवलाय. पुकारा तोच देणार. आम्ही सगळे जळकोटला जमणार आहोत, मीही जातेय.

परवा मावशीनं उज्वलाला जवळ बसवून सांगितलं.

"गेल्या साली तुझं ऐकलं म्या. औंदा साथ मी देणार हाय. बजरंगला बी, आन् त्याच्या मागून जे कुणी येतंय त्याला बी. तू आता मला गप करू नको."

उज्वलानं लगेच मला फोन केला. म्हणाली, की शेतात मायच्या शेजारी तू बस. माझ्याच्यानं दुसऱ्यांदा तिच्या तोंडावर हात ठेववणार नाही.

मी हो म्हणाले.

शेजारी बसून मी करायचं काय, ते तिनं सांगितलं नाही.

मीही विचारलं नाही...